हलू नका

एकतीस वर्षं मी शिवडीच्या दवाखान्यात
छातीचे फोटो काढले.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या,
रोखा.
हलू नका.
जेट्टी तिथून चालत वीस मिनिटं,
पण काळोख्या खोलीतून बाहेर आलं
की मला घर आठवायचं, समुद्र नाही.

निवृत्तीनंतर भाच्यानं त्याचा जुना कॅमेरा दिला.
लेन्सवर एक ओरखडा आहे, उजव्या कोपऱ्यात.
त्या कोपऱ्यात मी आभाळ ठेवते.

सगळे येतात ते रोहित पाहायला.
जाड लेन्सा, खाकी टोप्या, गुलाबी रंगाची घाई.
मी त्यांच्याकडे पाठ करून बसते,
फुटक्या पडावाच्या सावलीत,
जिथं तुतवार चिखलाला टाके घालत जातात
आणि चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो,
काहीतरी घरी विसरल्यासारखा,
पुन्हा चार पावलं.
कुरव मात्र निवांत. थंडीतलं पांढरं डोकं
आणि कानामागे काजळाची तीट.
कुठल्या आईनं लावली असेल,
कुठल्या गोठत्या तळ्याकाठी,
इतक्या दूर पाठवायचं म्हणून.
मांडव्याच्या लाँचमागे गाठ्या झेलतात ते हेच,
इथे ओळख दाखवत नाहीत.

ओहोटीनंतर चिखलात ओहोळ उरतात,
खोडातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या,
शेवटी केसाएवढ्या रेघा.
हे मी पाहिलंय. उजेडाच्या पेटीवर लावून,
दिवसाला साठ-सत्तर वेळा.
कुठे पांढुरकं साचलंय ते बोटानं दाखवायचं,
पुढचं डॉक्टरांनी सांगायचं.

पहिले चार रविवार वाया गेले.
एकदा नुसतं पाणी,
एकदा पक्षी इतके लांब की सांडलेले तीळ.
पाचव्या वेळी एक कुरव वीस हातांवर उतरला,
लाल पाय, चोचीला शेवाळ,
आणि मी स्वतःशीच, पण जुन्या आवाजात, म्हणाले:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.

खाली चिखलात निवटे धरणारा माणूस
गुडघाभर रुतलेला,
तो ताठ झाला. हनुवटी वर. खांदे पुढे.
टोपली हातात तशीच.
माझं लक्ष गेलं तेव्हा
त्याचे गाल फुगलेले होते.
सोडा, सोडा, म्हणाले घाईनं.

"बाय, तुमी फोटो काराचे ना दवाखान्यान?"
हिरामण. कोळीवाड्यातला. अठरा महिने गोळ्या,
तेव्हा वजन अडतीस किलो.
मला चेहरा आठवेना.
चेहरे मी फारसे पाहायचेच नाही,
पाठ असायची त्यांची माझ्याकडे.
माझी फिल्म असेल का अजून, त्यानं विचारलं.
खरं ते सांगितलं: जुन्या फिल्मा भंगारात जातात,
धुऊन त्यांतली चांदी काढून घेतात.
"मंजे चांदी व्हती माझे छातीन!"
तो हसला. पोटापासून हसला, खोकला नाही.
मी कान देऊन होते.

मग त्यानं हिशेब शिकवला:
तिथीची पाऊणपट करायची,
भरतीची वेळ हातात येते.
आज त्रयोदशी, म्हणजे पावणेदहा.
त्याआधी दोन तास येऊन बसा,
पाणीच पाखरं तुमच्यापाशी आणून घालतं.

कुरवाचा फोटो देऊ केला तर नको म्हणाला,
ते काय, रोजच बघतो. माझाच काढा,
या टायमाला भायेरून.

काढला. रोखा म्हटलं नाही.
कॅमेऱ्यानं सवयीनं
त्याच्या खांद्यामागचा कुरव पकडला,
पीसन् पीस.
हिरामण जरा धूसर आलाय.
छाती हललीय.